माध्यमिक शिक्षण : विद्यार्थी नेतृत्व आणि अभ्यासक्रम सुधारणा

इयत्ता नववीत प्रवेश करणारा विद्यार्थी साधारणपणे चौदा वर्षांचा असतो आणि अठराव्या वर्षी त्याला मतदानाचा अधिकार प्राप्त होतो. १९८८ च्या ६१ व्या घटनादुरुस्तीपूर्वी ही वयोमर्यादा २१ वर्षे होती. म्हणजे शाळा सुटणे आणि नागरिक म्हणून मतदान करणे यांमध्ये पूर्वी जो दीर्घ काळ जात असे, तो आता जवळजवळ उरलेला नाही. बारावी उत्तीर्ण होऊन बाहेर पडणारा युवक काही महिन्यांतच मतदान केंद्राच्या रांगेत उभा असतो. सभेत मत मांडणे, विरोधी मत ऐकून घेणे, तुटपुंज्या निधीचा विनियोग ठरवणे, ठरावाची अंमलबजावणी झाली की नाही हे तपासणे या गोष्टींचा अनुभव त्याला त्यापूर्वी कोठे मिळावयाचा? माध्यमिक शाळा हे त्याचे स्वाभाविक उत्तर आहे. परंतु आपल्या शाळांमध्ये नेतृत्व हा विषय बहुधा सहशालेय उपक्रमांच्या यादीत असतो, तर अभ्यासक्रम सुधारणा हा तज्ज्ञांच्या समित्यांचा विषय मानला जातो. हे दोन्ही प्रश्न परस्परांत गुंतलेले आहेत आणि ते वेगळे ठेवल्यामुळेच दोन्हींचे नुकसान झाले आहे. प्रस्तुत लेखात या संबंधाचा विचार केला आहे.

मुदलियार आयोगाची दृष्टी

स्वतंत्र भारतात माध्यमिक शिक्षणाचा पहिला सर्वांगीण विचार डॉ. ए. लक्ष्मणस्वामी मुदलियार यांच्या अध्यक्षतेखालील माध्यमिक शिक्षण आयोगाने (१९५२-५३) केला. आयोगाने माध्यमिक शिक्षणाची जी उद्दिष्टे सांगितली, त्यांत लोकशाही नागरिकत्वाचा विकास, व्यावसायिक कार्यक्षमतेत वाढ आणि व्यक्तिमत्त्व विकास यांच्या जोडीला नेतृत्वासाठी शिक्षण हे उद्दिष्टही होते. येथे एक बारकावा लक्षात घेण्यासारखा आहे. आयोगाला अभिप्रेत असलेले नेतृत्व देशाच्या शिखरावरचे नव्हते. बहुसंख्य मुलांचे औपचारिक शिक्षण माध्यमिक शाळेतच संपत असे. गाव, मोहल्ला, सहकारी संस्था, कारखाना अशा मधल्या पातळीवर जबाबदारी घेणारी माणसे या मुलांतूनच तयार व्हावयाची होती.

त्यासाठी शाळांमध्ये सदन पद्धती, वर्गप्रतिनिधी आणि विद्यार्थी परिषदा असाव्यात, आचारसंहिता विद्यार्थ्यांनीच तयार करावी व तिच्या पालनाची जबाबदारीही त्यांनीच घ्यावी, अशी शिफारस आयोगाने केली. त्याच अहवालात आणखी एक शिफारस आहे, तिच्याकडे अभ्यासकांचे सहसा लक्ष जात नाही. सतरा वर्षांखालील विद्यार्थ्यांना राजकीय प्रचारासाठी किंवा निवडणूक मोहिमेसाठी वापरणे हा निवडणूकविषयक गुन्हा ठरवणारा कायदा करावा, असे आयोगाने सुचवले होते. विद्यार्थ्याला स्वशासन द्यावे, मात्र इतरांच्या राजकारणाचे साधन होऊ देऊ नये, अशी ही दुहेरी भूमिका होती. पुढील काळात शाळांनी दुसरा भाग मनापासून स्वीकारला आणि पहिल्याची प्रतीकेच तेवढी ठेवली, असे म्हणावे लागते.

महाविद्यालयीन निवडणुकांशी याची गल्लत करू नये. माजी मुख्य निवडणूक आयुक्त जे. एम. लिंगडोह यांच्या समितीच्या शिफारशी सर्वोच्च न्यायालयाने २२ सप्टेंबर २००६ रोजी स्वीकारल्या, त्या विद्यापीठे व महाविद्यालये यांच्यापुरत्या आहेत.

मॉनिटरची परंपरा

भारतातील जवळजवळ प्रत्येक वर्गात मॉनिटर असतो. हे पद इतके परिचित आहे की त्याला इतिहास असेल असे कोणाच्या मनातही येत नाही. हा इतिहास मात्र मद्रासमधून सुरू होतो. डॉ. अँड्र्यू बेल १७८९ च्या सुमारास तेथील मुलांच्या अनाथाश्रमाचे प्रमुख झाले. मलबारकडील देशी शाळांमध्ये मुले वाळूवर बोटाने अक्षरे गिरवतात, हे त्यांनी पाहिले होते. ती रीत त्यांनी आपल्या शाळेत आणली आणि मोठ्या मुलांनी लहानांना शिकवावे अशी व्यवस्था बसवली. १७९७ मध्ये त्यांनी इंग्लंडमध्ये या प्रयोगाचा वृत्तान्त प्रसिद्ध केला आणि ‘मद्रास पद्धती’ या नावाने ती तेथे पसरली. जोसेफ लँकेस्टर यांनीही तशीच पद्धत चालवली. एका शिक्षकाच्या पगारात शेकडो मुले शिकवता येणे हे या पद्धतीचे मुख्य आकर्षण होते.

त्या व्यवस्थेतील मॉनिटर निदान शिकवत तरी होता. पुढे इंग्लंडमधील निवासी शाळांत, विशेषतः रग्बी येथे थॉमस अर्नोल्ड यांच्या काळात (१८२८-४१), वरच्या वर्गातील मुलांकडे शिस्तीचे अधिकार देण्याची पद्धत दृढ झाली. आपल्याकडील शाळांत या दोन्हींचा संकर झाला. त्यातून शिकवण्याचे काम गळाले व शिस्तीचे तेवढे राहिले. शिक्षक वर्गाबाहेर गेल्यावर बोलणाऱ्यांची नावे फळ्यावर लिहिणे हेच मॉनिटरचे प्रमुख कर्तव्य ठरले. त्याची निवड शिक्षक करतात, तो शिक्षकांना उत्तरदायी असतो आणि वर्गातील मुलांचे म्हणणे वरपर्यंत पोहोचवणे हे त्याचे काम मानले जात नाही. प्रशासनाच्या परिभाषेत सांगायचे तर तो प्रतिनिधी नसून वरिष्ठांनी नेमलेला पर्यवेक्षक आहे. स्पर्धा परीक्षांच्या विद्यार्थ्यांनी स्थानिक स्वराज्य संस्थांच्या संदर्भात प्रतिनिधित्व आणि प्रत्यायोजन यांतील भेद अभ्यासलेला असतो. तोच भेद येथे लागू पडतो.

याला वेगळा पर्याय आपल्याच देशात उभा राहिला होता. रवींद्रनाथांनी १९०१ मध्ये शांतिनिकेतनात सुरू केलेल्या विद्यालयात मुलांच्या चुकांचा विचार मुलांच्याच सभेत होत असे. ऑक्टोबर १९३७ च्या वर्धा परिषदेनंतर आकाराला आलेल्या नई तालीम शिक्षणात सफाई, स्वयंपाक, शेती, वस्त्र ही कामे अभ्यासक्रमाच्या केंद्रस्थानी होती. कामाची वाटणी करणे, हिशेब ठेवणे आणि तो सर्वांसमोर मांडणे हे शिकण्याचाच भाग होते. नेतृत्व हा तेथे स्वतंत्र उपक्रम नव्हता, कारण रोजचे कामच त्याची मागणी करत होते. या प्रयोगांच्या मर्यादाही होत्या आणि शासकीय शाळांमध्ये ते रुजले नाहीत हे खरे. तरीही अभ्यासक्रमाची रचना बदलली की नेतृत्वाचे स्वरूप बदलते, हे त्यांनी दाखवून दिले.

आराखडे आणि त्यांचा प्रवास

शिक्षण हा विषय ४२ व्या घटनादुरुस्तीने (१९७६) राज्यसूचीतून समवर्ती सूचीत आला. राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन आणि प्रशिक्षण परिषद म्हणजेच एनसीईआरटीने १९७५, १९८८, २००० आणि २००५ मध्ये अभ्यासक्रमाचे राष्ट्रीय आराखडे तयार केले. शालेय शिक्षणाचा नवा आराखडा २०२३ मध्ये आला. हे आराखडे राज्यांवर कायद्याने बंधनकारक नसतात. राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदा, राज्य मंडळे आणि महाराष्ट्रातील ‘बालभारती’सारख्या पाठ्यपुस्तक संस्था (स्थापना १९६७) त्यांचा स्वीकार करताना त्यात बदल करतात. २००० च्या आराखड्याला केंद्रीय शिक्षण सल्लागार मंडळाचा विचार घेतला नाही या कारणावरून आव्हान दिले गेले होते. अरुणा रॉय प्रकरणात (२००२) सर्वोच्च न्यायालयाने तेवढ्या कारणाने आराखडा अवैध ठरत नाही, असा निर्णय दिला. अभ्यासक्रम ठरवताना कोणाशी विचारविनिमय करणे आवश्यक आहे, हा प्रश्न त्या निमित्ताने सार्वजनिक चर्चेत आला. त्या चर्चेत विद्यार्थी कोठेच नव्हते, हेही नोंदवले पाहिजे.

नेतृत्वाच्या दृष्टीने २००५ चा आराखडा सर्वांत महत्त्वाचा होय. त्याची पार्श्वभूमी थोडी मागे जाते. ख्यातनाम लेखक आर. के. नारायण यांनी राज्यसभेतील आपल्या भाषणात मुलांच्या पाठीवरील दप्तराच्या ओझ्याचा प्रश्न मांडला. पुढे प्रा. यशपाल यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि तिचा अहवाल १९९३ मध्ये आला. दप्तराच्या वजनापेक्षा न समजता पाठ करण्याचा भार अधिक घातक आहे, हा त्या अहवालाचा गाभा होता. हेच प्रा. यशपाल २००५ च्या आराखड्याच्या सुकाणू समितीचे अध्यक्ष होते. शाळेबाहेरच्या जीवनाशी ज्ञानाची सांगड, घोकंपट्टीपासून सुटका, पाठ्यपुस्तकापलीकडे जाणारा अभ्यासक्रम, लवचीक परीक्षा आणि लोकशाही व्यवस्थेतील परस्परांविषयीची आस्था जोपासणारी ओळख ही त्याची पाच मार्गदर्शक तत्त्वे परीक्षार्थींना परिचित असतात.

परीक्षेच्या दृष्टीने फारसा न विचारला जाणारा, परंतु विषयाच्या दृष्टीने मोलाचा बदल मात्र नागरिकशास्त्रात झाला. वसाहतकाळात आज्ञाधारक प्रजा घडवण्याच्या हेतूने आलेला हा विषय आहे, असे आराखड्याने स्पष्टपणे म्हटले आणि त्याच्या जागी राज्यशास्त्राची दृष्टी सुचवली. त्यानुसार नववी-दहावीसाठी लोकशाही राजकारणाची जी पुस्तके आली, त्यांत संस्थांच्या रचनेबरोबर संघर्ष, चळवळी आणि व्यंगचित्रेही होती. कोविड साथीनंतर अभ्यासाचा भार कमी करण्यासाठी झालेल्या फेररचनेत दहावीच्या पुस्तकातून काही प्रकरणे वगळली गेली. त्यांत लोकसंघर्ष व चळवळी आणि लोकशाहीपुढील आव्हाने या विषयांवरील प्रकरणे होती. भार कमी करणे आवश्यकच असते. मात्र कमी करताना काय प्रथम जाते, यावरून अभ्यासक्रमात कशाला दुय्यम मानले जाते ते कळते.

मूल्यमापनाने शिकवलेला धडा

अभ्यासक्रम बदलला तरी परीक्षा बदलल्याशिवाय वर्ग बदलत नाही, हे तत्त्व आपल्याकडे वारंवार सांगितले गेले आहे. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने २००९ मध्ये नववी व दहावीसाठी सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन लागू केले. वर्षभरात चार आकारिक चाचण्यांना ४० टक्के आणि दोन संकलित परीक्षांना ६० टक्के भार होता. त्याच्या जोडीला सहशालेय भागात जीवनकौशल्ये, दृष्टिकोन, मूल्ये आणि विविध उपक्रमांतील सहभाग यांना श्रेणी देण्यात येऊ लागली. प्रथमच एका राष्ट्रीय मंडळाने पुढाकार, सहकार्य व नेतृत्व यांची गुणपत्रिकेत नोंद घेतली. या दृष्टीने हे पाऊल धाडसी होते.

परंतु सहशालेय क्षेत्रातील कामगिरीच्या आधारे शालेय विषयांतील श्रेणी वरच्या पायरीवर नेण्याची तरतूदही या योजनेत होती. हेतू चांगला होता. तिच्यामुळे मात्र नेतृत्वाला विनिमयमूल्य प्राप्त झाले. गटप्रमुख होणे, मंडळाचे सचिव होणे, प्रमाणपत्र मिळवणे यांचा संबंध गणितातील श्रेणीशी जुळला. शिक्षकांची अडचण वेगळी होती. पन्नास मुलांच्या वर्गात प्रत्येकाचा सहाध्यायांविषयीचा दृष्टिकोन कोणत्या पुराव्यावर मोजायचा? वर्णनात्मक नोंदींचे तक्ते भरण्यात त्यांचा वेळ जाऊ लागला आणि बहुतेकांना चांगलीच श्रेणी देणे हा सोपा मार्ग ठरला. सर्वांना वरची श्रेणी मिळू लागल्यावर त्या श्रेणीतून काहीच कळेनासे होते. २०१७ मध्ये मंडळाने ही पद्धत बदलली आणि २०१८ पासून दहावीची मंडळ परीक्षा पुन्हा सर्वांसाठी अनिवार्य झाली.

या अनुभवावरून नेतृत्वाला गुणपत्रिकेतून वगळावे, असा निष्कर्ष काही जण काढतात. तो पटत नाही. दोष मोजण्यात नव्हता, तर काय मोजले यात होता. ‘नेतृत्वगुण’ ही स्वभावाची गोष्ट मानून तिला श्रेणी दिली, की शिक्षकाला अंदाज बांधावा लागतो. त्याऐवजी विद्यार्थ्याने केलेल्या कामाचा दस्तऐवज तपासता येतो. सभेचे इतिवृत्त, शाळेच्या पाणीवापराचा ताळेबंद, ग्रामपंचायतीला लिहिलेले पत्र आणि त्यावर आलेले उत्तर ही त्याची उदाहरणे आहेत. केंद्रीय मंडळाच्या दहावीच्या सामाजिक शास्त्रात ८० गुणांची लेखी परीक्षा व २० गुणांचे अंतर्गत मूल्यमापन आहे आणि त्यात विद्यार्थ्याच्या कार्यसंग्रहाला जागा आहे. ती जागा सुशोभित वह्यांनी भरायची की अशा दस्तऐवजांनी, हे शाळेच्या हाती आहे.

प्रत्यक्षातील प्रयोग

मुंबईत १९६२ मध्ये भरलेल्या अखिल भारतीय प्रतोद परिषदेच्या शिफारशीतून युवा संसद योजना जन्माला आली. १९६६-६७ मध्ये ती दिल्लीच्या शाळांमध्ये सुरू झाली, १९८८ मध्ये केंद्रीय विद्यालयांत आणि १९९७-९८ मध्ये जवाहर नवोदय विद्यालयांत पोहोचली. प्रश्नोत्तराचा तास, लक्षवेधी सूचना, स्थगन प्रस्ताव यांचा परिचय मुलांना त्यातून उत्तम होतो. राज्यव्यवस्थेचा हा भाग पुस्तकातून पाठ करणाऱ्यांपेक्षा युवा संसदेत विरोधी पक्षनेता झालेला विद्यार्थी तो कधी विसरत नाही. तथापि ही संसद ठरलेल्या संहितेवर चालते आणि तिच्या ठरावाने शाळेतील एक नळही दुरुस्त होत नाही. तिचे मोल अभिरूप सभागृहाएवढेच मानावे.

याउलट राजस्थानात अजमेर जिल्ह्यातील तिलोनिया येथे बेअरफूट कॉलेज या संस्थेने दिवसा गुरे-शेळ्या राखणाऱ्या मुलांसाठी रात्रशाळा चालवल्या आणि १९९० च्या दशकात त्यांची बालसंसद उभी केली. मुले गुप्त मतदानाने प्रतिनिधी निवडत. निवडून आलेली मुले शाळांना भेटी देऊन शिक्षक हजर असतो का, दिवा आणि पाणी आहे का याची पाहणी करत आणि त्रुटींबद्दल संस्थेच्या कार्यकर्त्यांना जाब विचारत. शाळा प्राथमिक स्तराच्या होत्या, साधने अपुरी होती. तरी बहुतेक माध्यमिक शाळांतील शालेय मंत्रिमंडळाला जो अधिकार नसतो, तो प्रशासनाकडून उत्तर मागण्याचा अधिकार तेथील दहा-बारा वर्षांच्या मुलांना होता.

निवड कशी करावी, हाही प्रश्न आहे. आठवी-नववीच्या वर्गात थेट निवडणूक घेतली तर अनेकदा गुणांनी पहिला किंवा आवाजाने मोठा विद्यार्थी निवडला जातो. मुलींना उपपद मिळते आणि वंचित घटकांतील मुलांची नावे पुढे येत नाहीत. पंचायत राज्यात हाच अडथळा ओळखून ७३ व्या घटनादुरुस्तीने आरक्षण व आवर्तन आणले. शाळेतही वर्गपातळीवर हजेरीपटाच्या क्रमाने दरमहा प्रतिनिधी बदलावा आणि संपूर्ण शाळेच्या परिषदेसाठी तेवढी निवडणूक ठेवावी, अशी मिश्र पद्धत अधिक न्याय्य वाटते.

कायद्यातील पोकळी

संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेचे १२ वे कलम मुलाला त्याच्याशी संबंधित बाबींत मत मांडण्याचा हक्क देते. भारताने ११ डिसेंबर १९९२ रोजी ही संहिता स्वीकारली. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समिती अनिवार्य केली आणि तीत तीन चतुर्थांश पालक असावेत असे ठरवले. केंद्राच्या २०१० च्या नियमांत उरलेल्या एक चतुर्थांशापैकी एक तृतीयांश जागा स्थानिक शिक्षणतज्ज्ञ किंवा शाळेतील मुले यांच्यासाठी आहेत. शब्द ‘किंवा’ असा आहे आणि निवड पालकांनी करावयाची आहे, हे ध्यानात घ्यावे. शिवाय हा कायदा सहा ते चौदा या वयोगटाचा, म्हणजे आठवीपर्यंतचा आहे. ज्या टप्प्यावर विद्यार्थी सहभागासाठी खऱ्या अर्थाने सज्ज होतो, नेमक्या त्याच टप्प्यावर कायद्याचे छत्र संपते. माध्यमिक शाळांच्या व्यवस्थापन व विकास समित्या २००९ च्या राष्ट्रीय माध्यमिक शिक्षा अभियानातून आल्या. ते अभियान २०१८ मध्ये समग्र शिक्षा योजनेत विलीन झाले. योजनेचा आधार आणि कायद्याचा आधार यांत फरक आहे.

राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० ने नववी ते बारावी हा चार वर्षांचा माध्यमिक टप्पा मानला. कला व विज्ञान, शालेय व सहशालेय यांमधील कडक भिंती काढण्याचे, तसेच २०३० पर्यंत शालेय शिक्षण सार्वत्रिक करण्याचे उद्दिष्टही त्याने ठेवले आहे. २०२३ च्या आराखड्यात नववी-दहावीला कला, शारीरिक शिक्षण, व्यवसाय शिक्षण आणि आंतरविद्याशाखीय क्षेत्र हे भाषा-गणित-विज्ञानाच्या बरोबरीने अभ्यासाचे भाग आहेत. विषय निवडण्याची मुभा ही विद्यार्थ्याने घेतलेल्या निर्णयाची पहिली संधी होय. ज्या शाळेत एकच शिक्षक तीन विषय शिकवतो, तेथे ती कागदावरच राहण्याचा संभव आहे.

अभ्यासक्रमाच्या निर्मितीतच विद्यार्थ्याला विचारण्याचा सर्वांत मोठा प्रयत्न केरळमध्ये झाला. राज्याचा नवा अभ्यासक्रम तयार होत असताना नोव्हेंबर २०२२ मध्ये शाळांतून एक तासिका यासाठी राखून ठेवण्यात आली आणि काय शिकावे, कसे शिकावे, परीक्षा कशी असावी यावर वर्गावर्गांत चर्चा घेतल्या गेल्या. एका तासिकेत किती खोलवर जाता येते, ही शंका रास्त आहे. पहिली, तिसरी, पाचवी, सातवी आणि नववीची नवी पुस्तके २०२४-२५ मध्ये, तर उरलेल्या सम इयत्तांची दहावीपर्यंतची २०२५-२६ मध्ये आली. या हिशेबाने त्या चर्चेच्या वेळी सातवीत असलेल्या विद्यार्थ्यांना नववी व दहावी दोन्ही वर्षे नवी पुस्तके मिळाली. आठवी, नववी आणि दहावीत बसून मत मांडणाऱ्या मुलांनी मात्र जुन्याच पुस्तकांवर शाळा पूर्ण केली.